भाऊ गेल्यापासून प्रार्थनेला शब्दच येत नाहीत. देवावर रागावणं पाप आहे का?

नगरची लेक

सगळ्यांना सलाम. इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळची नगरची, आता पुण्यात जॉबला. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, रोज रात्री जेवणाआधी कुटुंब प्रार्थना, रविवारी उपासना, हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. माझा धाकटा भाऊ फेब्रुवारीत गेला. ३१ वर्षांचा होता. दोन्ही किडन्या फेल, पावणेतीन वर्षं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास. माझी किडनी त्याला मॅच झाली होती. सगळ्या टेस्ट झाल्या, कमिटीसमोर इंटरव्ह्यू झाला, ऑपरेशनची तारीखसुद्धा मिळाली आणि तारखेच्या अकरा दिवस आधी त्याला इन्फेक्शन झालं, ते रक्तात पसरलं आणि चार दिवसांत सगळं संपलं.

त्याच्या डाव्या हाताला फिस्च्युला केला होता, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. ज्यांच्या घरात डायलिसिस आहे त्यांना माहीत असेल, त्याच्यावर बोट ठेवलं की आत बारीक गुणगुणल्यासारखं लागतं, मधमाशी कोंडून ठेवल्यासारखं. ते चालू आहे ना हे रोज बघायचं असतं. तो झोपायच्या आधी हात पुढे करायचा, ताई बघ गं चालूय का. मी बोट ठेवायचे आणि मनात म्हणायचे, थँक्यू प्रभू. खरं सांगायचं तर दिवसभरातली माझी तेवढीच प्रार्थना मनापासूनची असायची, बाकीच्या पाठ होत्या म्हणून तोंडातून यायच्या. शेवटच्या रात्री आयसीयूत मी तिथे बोट ठेवलं तर काहीच लागलं नाही. मॉनिटर चालू होता पण हातात काही नव्हतं.

तेव्हापासून प्रार्थनेला बसले की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' इथपर्यंत येते आणि घसा बंद होतो. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे तर मला म्हणवतच नाही. राग येतो, देवाचा राग येतो, आणि राग आला की भीती वाटते की आपण काहीतरी भयंकर करतोय.

त्यात एका गृहप्रार्थनेत कुणीतरी आईला म्हणालं, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असेल, नाहीतर एवढ्या जणांनी उपास-प्रार्थना करून देव ऐकत नाही असं कसं होईल. आईनं ते मनाला लावून घेतलंय. रात्री उठून बसते आणि स्वतःचे जुने दोष मोजते, अमुक वर्षी सासूला उलट बोलले होते, तमुक वर्षी दान द्यायचं राहिलं. मी मंडळीत, म्हणजे चर्चला, जाणंच बंद केलंय.

मला उपदेश नकोय. तुमच्यावर असं काही आलं तेव्हा तुम्ही देवाशी नेमकं काय बोललात, तेवढं सांगा.

निवृत्त बाई, संगमनेर

पोरी, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मी चाळीस वर्षं संडेस्कूल घेतलंय पण तुला धडा द्यायला आलेले नाही, फक्त दोन बहिणींची आठवण करून देते. योहानाच्या अकराव्या अध्यायातल्या मार्था आणि मरीया. त्यांचा भाऊ लाजर आजारी पडला, त्यांनी येशूला निरोप धाडला, आणि निरोप मिळूनसुद्धा तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. येऊन पोचला तेव्हा भाऊ कबरेत. दोघी बहिणी एकमेकींना सोडून वेगवेगळ्या त्याच्याकडे गेल्या आणि दोघींनी एकच वाक्य म्हटलं: प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. नीट बघ, ही सरळ तक्रार आहे, तोंडावर केलेली. तू कुठे होतास, असंच ते विचारणं. आणि तो काय करतो? गप्प बस म्हणत नाही, विश्वास कमी पडला म्हणत नाही. मरीयेला रडताना बघून तो स्वतः रडतो.

तू विचारलंस मी काय बोलले. १९८६ साली माझी पहिली मुलगी एकोणीस दिवसांची असताना गेली. मी तिच्यासाठी मशीनवर सहा झबली शिवली होती, त्यातली दोनच वापरली गेली. पुढे कितीतरी महिने मी संध्याकाळी ट्रंक उघडायचे, कोरं झबलं काढून मांडीवर घ्यायचे आणि देवाला विचारायचे, हे आता कुणाला घालू सांग. बस, एवढंच. ना स्तुती, ना आमेन. आमच्या सासूबाईंना वाटायचं मला वेड लागलंय. मला त्या वेळी कळलं नव्हतं पण आज मी खात्रीनं सांगते की ती प्रार्थना होती. हन्नाचंही असंच झालं ना, मूल नाही म्हणून ती मंदिरात नुसते ओठ हलवत रडत होती आणि एली याजकाला वाटलं ही दारू पिऊन आली. याजकाला कळलं नाही, देवाला कळलं.

आणखी एक. पाळकांना आपण अहोजाहो करतो पण देवाला सगळे 'तू' म्हणतो, 'तुझे नाव पवित्र मानले जावो'. आईला तू म्हणतो तसंच. ज्याला तू म्हणायची मोकळीक आहे त्याच्याशी भांडायचीही मोकळीक आहे, मी तरी असंच धरून चालते.

प्रभूमध्ये आनंदी

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे, रागावू नका पण मला थोडं वेगळं वाटतं. देवाजवळ तक्रार करत राहिलं की मन कडू होत जातं, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत बघितलंय, बारा वर्षं ते त्याच कडवटपणात होते आणि शेवटी घरातल्या कुणाशीच बोलायचे नाहीत. इस्राएल लोकांनी रानात कुरकूर केली तेव्हा देव रागावलाच ना. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलंय. माझा अनुभव असा की जबरदस्तीनं का होईना गाणी म्हटली, स्तुती केली की हळूहळू मन वळतं. मी तुमच्यासाठी आणि तुमच्या आईसाठी प्रार्थना करतोय.

निवृत्त बाई, संगमनेर

भाऊ, तुम्ही वडिलांबद्दल लिहिलंत ते मोलाचं आहे, कडवटपणा माणसाला आतून खातो हे खरंच आहे. पण रानातली कुरकूर आणि स्तोत्रांतलं दावीदाचं रडगाणं यात मला फरक दिसतो. रानातले लोक तंबूत बसून देवाच्या पाठीमागे बोलत होते, याच्यापेक्षा मिसर बरा होता, परत जाऊ या म्हणत होते. दावीद देवाकडे तोंड करून बोलतो. तेरावं स्तोत्र उघडा, सहाच ओव्या आहेत, पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा 'कोठवर'. कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. तुमचे वडील गप्प झाले म्हणता, तर मला वाटतं त्यांनी तक्रार केली म्हणून ते कडू झाले नसावेत, ती करायची बंद झाली तेव्हा झाले असतील. मी त्यांना ओळखत नाही, चुकत असेन तर माफ करा.

आणि पौलानं सर्व स्थिती'त' लिहिलंय, सर्व स्थितीं'बद्दल' नाही. भाऊ गेल्याबद्दल थँक्यू म्हण असं कुणी या पोरीला सांगू नये.

दीडशे स्तोत्रांतली साधारण एक तृतीयांश अशी रडगाणीच आहेत. बहुतेकांचा शेवट भरवशावर होतो, हे खरं, पण अठ्ठ्याऐंशीवं वाचा, ते अंधारावरच संपतं, शेवटपर्यंत उजाडत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही.

वसईकर

मी कॅथलिक आहे, आमची पद्धत तुमच्यापेक्षा वेगळी, चालेल ना? माझे पप्पा चार वर्षांपूर्वी पॅरालिसिसने गेले, त्याआधी सात महिने अंथरुणावर. मला त्या दिवसांत स्वतःचे शब्द सुचायचेच नाहीत, तुमच्यासारखंच. आमच्याकडे एक सोय आहे, शब्द आधीच तयार असतात. रोझरी हातात घ्यायची आणि नमो मरिया म्हणत मणी सरकवायचा. एका माळेत ५३ वेळा नमो मरिया येतं, त्यातलं कितीदा मन लावून म्हटलं विचाराल तर पाच-सहा वेळा असेल. पण हात चालू असायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग असतात, पहिलंच रहस्य गेथसेमनी बागेतलं, येशू जमिनीवर पडून म्हणतोय हा प्याला माझ्यावरून टळू दे, आणि शिष्य झोपलेत. मी पप्पांच्या खाटेशेजारी बसून तिथेच अडकायचो, पुढच्या रहस्यावर जावंसंच वाटायचं नाही.

तुम्हाला 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणवत नाही ना, तर एक लक्षात घ्या की त्या बागेत येशूनेसुद्धा ते आधी म्हटलं नाही. आधी 'टळू दे' म्हटलं, मग 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या' म्हटलं, आणि एकदा म्हणून भागलं नाही, मत्तयमध्ये आहे की तीनदा उठून जाऊन तेच तेच मागितलं. तुम्ही अजून 'टळू दे'वरच असाल तर तिथेच राहा की, तोही तिथेच आहे.

आम्ही त्या वर्षी बांद्र्याच्या मोतमाउलीला, म्हणजे मरियेच्या माउंट मेरी चर्चला गेलो होतो. बाहेर मेणाचे हात-पाय विकायला असतात, ज्याला जे दुखणं त्याने ते वाहायचं. मम्मीने मेणाचा हात घेतला, पप्पांचा उजवा हात गेला होता म्हणून. आत जाऊन ठेवेपर्यंत तिने तो छातीशी असा धरला होता की उन्हाने आणि तिच्या अंगाच्या उबेने बोटं वाकली. पप्पा बरे झाले नाहीत. पण मम्मी आजही म्हणते, माझ्या हातातलं ओझं मी तिच्या हातात दिलं. ज्या बाईने क्रुसाखाली उभं राहून आपला मुलगा जाताना बघितला तिला सांगायला मम्मीला लाज वाटली नाही, मला वाटतं एवढंच.

आयसीयू सिस्टर

मी १४ वर्षं आयसीयूत नर्स आहे, त्यातली पाच डायलिसिस युनिटला. ताई, आधी तुमच्या आईसाठी लिहिते, हे त्यांना वाचून दाखवा: काकू, तुमच्या मुलाचं इन्फेक्शन तुमच्या विश्वासामुळे झालं नाही.

डायलिसिसच्या पेशंटची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, आठवड्यातून तीनदा सुया टोचल्या जातात, जंतू रक्तात शिरायला वाट मिळते, आणि एकदा सेप्सिस झालं की बीपी पडतं. त्या रात्री तुमच्या बोटाला फिस्च्युला लागला नाही तो बहुतेक त्यामुळेच. आम्ही सगळी काळजी घेऊनही असे पेशंट गमावतो, त्यात प्रार्थना करणाऱ्या घरातलेही असतात आणि न करणाऱ्या घरातलेही. ज्यांनी तुमच्या आईला ते वाक्य ऐकवलं त्यांनी ईयोबाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचायला हवं होतं. मुलंबाळं, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून होते, तोपर्यंत ठीक चाललं होतं, तोंड उघडून कारणं द्यायला लागले तिथे बिघडलं. आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, म्हणतो तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. सगळ्यात जास्त भांडला होता तोच.

मी काय बोलते ते विचारलंत. कोविडमध्ये एका रात्रीत आमच्या वॉर्डात चार गेले. पहाटे पीपीई किट काढून मी चेंजिंग रूममध्ये स्टुलावर बसले आणि तोंडातून फक्त 'अगं आई गं' एवढंच आलं. दुसरं काही नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की आपल्याला कशी प्रार्थना करावी ते कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांनी सांगता येणार नाही अशा कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणं मी रोज ऐकते, माझं कामच ते आहे. कण्हणाऱ्या पेशंटला आम्ही म्हणत नाही की आधी नीट वाक्यात सांग मग बघते.

एक नर्स म्हणून सांगते, आई रात्री उठून बसते, दोष मोजते, हे महिनोन्‌महिने चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. त्यात विश्वास कमी पडण्याचा काही संबंध नाही, किडनीसाठी नेफ्रॉलॉजिस्टकडे गेलाच होता ना.

नगरची लेक

सगळ्यांचे आभार. ऑफिसमध्ये वाचत होते, वॉशरूममध्ये जाऊन बसावं लागलं.

बाई, एक विचारू का, वाईट वाटून घेऊ नका. मार्था-मरीयेचं बरोबर आहे, पण त्यांचा भाऊ परत आला. चार दिवसांनी कबरेतून चालत बाहेर आला. माझा नाही आला. मग त्या गोष्टीचं मी काय करू?

निवृत्त बाई, संगमनेर

वाईट कशाला वाटेल, मीही हेच विचारलं होतं. माझी मुलगीही परत आली नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही बाळा, आणि पुनरुत्थानाच्या दिवसाची आशा मला आहे पण ती आशा आजच्या रात्रीवर मलमासारखी थापायची नसते.

मी फक्त एका गोष्टीपाशी थांबते. येशूला माहीत होतं की आपण लाजरला थोड्या वेळात उठवणार आहोत. तरी तो आधी रडला. पुढे सगळं नीट होणारच आहे तर रडायचं कशाला, असं तो त्या बहिणींना म्हणाला नाही आणि स्वतःलाही म्हणाला नाही. म्हणजे ते रडणं निकालावर अवलंबून नव्हतं. तुझ्या वाट्याला निकाल आला नाही पण ते रडणं तुझ्याही वाट्याचं आहे, असं मी धरते. छप्पन्नाव्या स्तोत्रात आसवं बुधलीत भरून ठेवण्याचं आहे बघ. मला तो बुधली शब्द फार आवडतो, तेलाची असायची तशी, थेंब सांडू नये म्हणून.

दौंडकर

मी केडगावजवळचा, पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनच्या परिसरात लहानाचा मोठा झालो म्हणून राहवत नाही. त्यांचं आयुष्य बघा. आई, वडील, मोठी बहीण दुष्काळाच्या हलाखीत गेली. उरलेला एकुलता भाऊ श्रीनिवास, ज्याच्यासोबत ती पायी सगळा देश फिरली, तो १८८० साली गेला. १८८२ साली नवरा गेला, पदरात लहान मनोरमा. आणि १९२१ साली ती मनोरमाही गेली, आईच्या आधी. रमाबाई त्या वेळी बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू-ग्रीकवरून, आणि ते काम त्यांनी सोडलं नाही, १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. मला नेहमी वाटतं की मुलगी गेल्यानंतर त्या टेबलाशी बसून एकेका ओळीला मराठी शब्द शोधायचा, तीच त्यांची प्रार्थना असेल. तुमच्या भावाच्या हातावर बोट ठेवणं ही तुमची प्रार्थना होती असं तुम्ही लिहिलंत, तिथे मला हे आठवलं.

नगरची लेक

काल शनिवारी नगरला आले. रात्री लाइट गेली होती, आई आणि मी पडवीत बसलो होतो, मोबाइलच्या उजेडात मी तेरावं स्तोत्र काढलं. आईला म्हटलं आज दुसरं काही नको, फक्त पहिल्या दोन ओव्या. मी म्हटल्या, मग तिनं म्हटल्या. चार 'कोठवर' झाल्यावर तिनं पाचवं स्वतःचं जोडलं, कोठवर मी त्याचं ताट वाढायला घेणार. ती अजून तीन ताटं घेते, मग एक परत मांडणीवर ठेवते, मला माहीतच नव्हतं. मग मी माझं म्हटलं, फिस्च्युलाचं. मोठ्यानं म्हटलं, ओरडलेच जवळजवळ, तू कुठे होतास, मी बोट ठेवलं होतं, तू कुठे होतास. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आईनं माझं मनगट धरून ठेवलं.

पुढच्या ओव्या नाही वाचल्या, त्यात शेवटी गाणं गाईन वगैरे आहे, ते अजून तोंडात येत नाही. आमेन म्हणायचंही राहिलं. आईला विचारलं म्हणू का, तर म्हणाली राहू दे, अजून बोलून झालं नाही.

सिस्टर, तुमचं ते वाक्य आईला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाली कागदावर लिहून दे, मोठ्या अक्षरात. लिहून दिलंय. फ्रिजवर लावलंय. डॉक्टरांची वेळ बुधवारची मिळालीय, मी सुट्टी टाकलीय. वसईकर दादा, तुमच्या मम्मीला आमचा सलाम सांगा.